दोन तिकिटांचा लखोटा

वकीलसाहेबांच्या गिरगावातील बिऱ्हाडी रविवारी सकाळी जी मंडळी जमत असे तिला बैठक म्हणणे हा त्या शब्दाचा फाजील गौरव होय. कारण तीत माणसे अवघी तीन, आणि त्यांपैकी तिसऱ्याचे, म्हणजे माझे, काम एवढेच की पितळी परातीत कोमट पाणी घ्यावे, पाकिटांवरून कातरून आणलेली टपालाची तिकिटे त्यात उपडी सोडावीत, डिंक सैल झाला की अंगठ्याच्या हलक्या दाबाने ती कागदापासून सोडवावीत आणि टीपकागदावर ओळीने वाळत घालावीत. कोणत्या तिकिटाची शाई पाण्यात उतरते हे मला कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर मास्तरांची दोन चांगली तिकिटे पांढरीफटक करून ठेवल्यावर उमगले. गोवा मुक्त होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती.

वकीलसाहेब मूळचे फोंडे महालातले, वकिलीसाठी मुंबईत स्थायिक झालेले. मास्तर पुण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि मुलाकडे राहत होते. छंद दोघांचा एकच, परंतु एका देवळात येणाऱ्या शैव-वैष्णवांप्रमाणे त्यांचे पंथ निराळे. वकीलसाहेब केवळ कोरी तिकिटे जमवीत. मागचा डिंक अभंग, दाते पूर्ण, आणि ज्यावर टपालखात्याच्या शिक्क्याचा डाग पडला ते तिकीट त्यांच्या लेखी बाटले. मास्तरांना कोऱ्या तिकिटात रस नसे. जे तिकीट प्रवासाला गेलेच नाही त्याने सांगावे तरी काय, असा त्यांचा सवाल असे, आणि म्हणून ते तिकीट सुटे न घेता अख्खे पाकीट, शिक्क्यासकट, पत्त्यासकट आणि तेलाच्या डागासकट, विकत घेत. या मतभेदाचा मी येथे उल्लेख करतो तो पुढे झालेल्या बोलण्याशी त्याचा संबंध आहे म्हणून. मात्र तो संबंध वाटतो तितका सरळ निघाला नाही.

त्या रविवारी बोलणे निघाले ते सिंधवरून. मास्तरांनी कोठूनसे एक जुने सूचिपत्र आणले होते आणि त्यात ‘सिंध डाक’ या नावाने विख्यात असलेल्या तिकिटाचे चित्र होते. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, त्यांनी 1 जुलै 1852 रोजी हे अर्ध्या आण्याचे तिकीट सुरू केले, आणि चिकटवायच्या तिकिटांत ते आशिया खंडातले पहिले. त्यावर राणीचा मुखवटा नाही. कंपनी सरकारची व्यापारी निशाणी तेवढी उठावाने उमटवलेली. तांबडे तिकीट लाखेचे असल्यामुळे हाताळता हाताळता तडकत असे, पांढरे कागदावर दिसतच नसे, आणि 1854 मध्ये साऱ्या हिंदुस्थानाकरिता तिकिटे निघाली तेव्हा ही तिन्ही रंगांची बंद झाली. मास्तर चित्रावर भिंग फिरवीत म्हणाले, “बर्टन 1849 मध्ये सिंध सोडून गेला. आणखी तीन वर्षे टिकता तर त्याच्या हस्ताक्षरातल्या पाकिटावर हे तिकीट असते, आणि मी घर गहाण टाकून ते घेतले असते.”

“कोण बर्टन?” वकीलसाहेबांनी विचारले, पण त्यांच्या सुरावरूनच कळत होते की प्रश्न उलटतपासणीतला आहे, साक्षीदाराचे नाव त्यांना पुरते ठाऊक आहे.

“रिचर्ड बर्टन. मक्केला वेषांतर करून गेलेला. अरबी कथांचा भाषांतरकार.”

“आणि आमच्या गोमंतकाचा निंदक. मास्तर, तिकिटांविषयी हवे तेवढे बोला. त्या गृहस्थाचे नाव या घरात घेऊ नका.”

ज्या वाचकांच्या पाहण्यात ते पुस्तक आले नसेल त्यांच्यासाठी हकीकत एवढी सांगितली पाहिजे. बर्टन 1842 मध्ये ऑक्सफर्डमधून काढून टाकला गेला आणि त्याच साली कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. अठराव्या देशी पलटणीबरोबर बडोद्यास आणि मग सिंधच्या मोजणीखात्यात राहिला. 1847 मध्ये प्रकृतिअस्वास्थ्याची रजा घेऊन मुंबईहून पत्तेमारीत बसला, वाटेत गोव्यास उतरला, तेथून मलबार आणि मग निलगिरी गाठली. त्या प्रवासाचे पुस्तक 1851 मध्ये लंडनला छापले गेले, आणि गोवा, निळे पर्वत व सहा महिन्यांची आजारपणाची रजा या तिन्ही गोष्टी त्याच्या नावातच आहेत. पुस्तक चुरचुरीत आहे, हे त्याच्या शत्रूनेही मान्य करावे. परंतु गोव्यातील मिश्रवंशीय ख्रिस्ती समाजाविषयी त्यात जे लिहिले आहे, त्यांच्या रूपाविषयी, शीलाविषयी आणि बुद्धीविषयी ज्या बेदरकारपणे निकाल दिला आहे, तो मजकूर येथे उतरवण्याची माझी इच्छा नाही. साऱ्या आशियात याहून हीन लोक शोधून सापडणे कठीण, असा त्याचा आशय आहे आणि तेवढा पुरे.

“मी तो ग्रंथ एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून सबंध वाचला आहे,” मास्तर म्हणाले, “आणि टिपणेही काढली आहेत. वकीलसाहेब, त्या माणसाला मराठी येत होते. गुजराती आणि हिंदुस्थानीबरोबर मराठीचीही परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता, आणि परीक्षक कोण, तर व्हान्स केनेडी, ज्याने 1824 मध्ये मराठीचा कोश छापला. तुमच्या-आमच्या भाषेत बोलू शकणारे त्या काळचे साहेब किती होते?”

“भाषा आली म्हणजे माणूस कळला, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? पक्षकाराची भाषा विरुद्ध बाजूच्या वकिलालाही येतेच.” वकीलसाहेबांनी चिमटा खाली ठेवला. “शिवाय तुमच्या त्या बहुभाषी गृहस्थाचाच दाखला मी तुमच्याविरुद्ध देतो. सिंधमध्ये हा मिर्झा अब्दुल्ला नाव धारण करून, अर्धा इराणी सौदागर बनून, बाजारात दुकान मांडून बसला. लोक काय बोलतात ते ऐकावयाचे तर साहेबी टोपी उतरवावी लागते, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग गोव्यात का नाही उतरवली? तेथे आला तो रजेवरचा लष्करी अंमलदार म्हणून. चार ठिकाणे पाहिली, शिरोड्यास कलावंतिणींचे नाच पाहावयास गेला, आणि एका समाजाचे इत्थंभूत चारित्र्य लिहून मोकळा झाला. आजारी माणसाने रजेत लिहिलेला शेरा, मास्तर, कोणत्या कचेरीत ग्राह्य धरतात?”

मास्तर हसले. ते हरले की हसत, असे मी पूर्वी समजत असे. पुढे ध्यानात आले की मुद्दा बदलण्यापूर्वी ते हसतात. “त्याचा शेरा ग्राह्य धरा असे मी म्हणतच नाही. मी म्हणतो, त्याचे डोळे घ्या आणि जीभ टाका. जुन्या गोव्यात तो रात्री चांदण्यात हिंडला. राजधानी 1843 मध्येच रीतसर पणजीस आली होती. संन्याशांचे मठ त्याआधी आठ वर्षे बंद पडले होते. ऑगस्टिनी मठाच्या देवळाचे छत 1842 मध्ये कोसळले होते. ते पडून पाच वर्षे झाली असता, दगड अजून ताजे असता, तेथे गेलेला आणि गद्य लिहू शकणारा दुसरा मनुष्य मला दाखवा. पत्तेमारीचे शीड, तांडेलाची चाल, मालाच्या गोण्यांवर केलेली निजण्याची सोय हे सारे त्याने टिपले आहे. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर पत्तेमाऱ्या शतकानुशतके येत-जात होत्या. आपल्यापैकी कोणी त्यांचे असे वर्णन लिहून ठेवले?”

हा प्रश्न मर्मी लागला असावा, कारण वकीलसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. परंतु ते गप्प राहिले की अधिक दक्ष होत.

“डोळे आणि जीभ वेगवेगळी काढता येतात हाच तुमचा भ्रम आहे,” ते सावकाश म्हणाले. “हा मनुष्य गोव्यास आला तेव्हा त्याच्या डोक्यात कामोइश होता. पुढे 1880 मध्ये त्याने त्या कवीच्या महाकाव्याचे इंग्रजी भाषांतर छापले, ते काही एका रात्रीत झाले नाही. त्याला हवे होते सोळाव्या शतकातले गोवे, जहाजांचे, सोन्याचे, सेनानायकांचे; आणि बंदरात उतरल्यावर समोर आले कोण, तर फाटक्या कोटातले कारकून आणि भिक्षा मागणारे पाद्री. काव्याच्या मापाने जिवंत माणसे मोजली, ती कमी भरली. चांदण्यात त्याला जे दिसले तेही पुस्तकातलेच दिसले. अहो, पडक्या देवळात उदात्त काय ते दिसते आणि त्याच देवळाच्या छायेत राहणाऱ्या माणसात मात्र केवळ अधःपात दिसतो, हा डोळ्यांचाच दोष नव्हे काय?”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी त्यांच्या तोंडून त्यापूर्वी ऐकली नव्हती आणि नंतरही ऐकली नाही. ते महाविद्यालयात पहिल्या वर्षास असताना एका प्राध्यापकांनी, ज्यांचे नाव त्यांनी घेतले नाही, प्रवासवर्णनातील शैलीचा नमुना म्हणून नेमका तोच उतारा वर्गात मोठ्याने वाचला, आणि वाचून झाल्यावर पुढच्या बाकावर बसलेल्या एका बारदेशकर ख्रिस्ती मुलाकडे पाहून, उपहासाने नव्हे, तर सहज, “तुम्ही तिकडचेच ना?” असे विचारले. वर्ग हसला. तो मुलगा मिश्रवंशीय नव्हता, किंबहुना त्याचे घराणे वकीलसाहेबांच्या घराण्याइतकेच जुने सारस्वत होते; परंतु हे सांगण्याची सोयही त्याला उरली नाही, कारण ‘मी त्यांतला नव्हे’ असे म्हणणे म्हणजे जे त्यांतले आहेत त्यांच्याविषयीचे वचन खरे मानणे होय. “तो काही बोलला नाही,” वकीलसाहेब म्हणाले, “आणि मीही हसणाऱ्यांत होतो.”

परातीतले पाणी निवले होते, ते बदलावयास मी आत गेलो, आणि खरे सांगावयाचे तर थोडा रेंगाळलोही.

परत आलो तेव्हा वकीलसाहेबांचा आवाज पुन्हा न्यायालयातला झाला होता. “पुरावाच पाहावयाचा तर साल पाहा. 1851. लंडनला हे पुस्तक निघाले आणि त्याच साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत भाऊ दाजी होते. जन्म कोठला? पेडणे महालातील मांद्रे. पुढे शिलालेख वाचले, नाणी जमवली, मुंबईचे नगरपाल झाले. आता ख्रिस्ती समाज घ्या. बर्टन पणजीस उतरला तेव्हा बारदेशात हडफड्याला तीन वर्षांचे एक मूल खेळत होते. त्याचे नाव जेर्सन दा कुन्हा. वैद्यकी शिकले, पोर्तुगीज अमदानीतील नाण्यांवर ग्रंथ लिहिला आणि मुंबईच्या उत्पत्तीचा इतिहास लिहिला. ज्या भूमीत काही उगवत नाही असा दाखला हा देऊन गेला, तिच्यात त्याच वेळी काय रुजत होते ते याला दिसले नाही.”

“मूल तीन वर्षांचे होते, वकीलसाहेब. ते पुढे नाण्यांवर ग्रंथ लिहील हे बर्टनने कसे जाणावे?”

“जाणू नये. पण जे जाणता येत नाही त्याविषयी निकालही देऊ नये.”

“बरे, आता माझे ऐका,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी खिशातून टिपणांची वही काढली. “त्याच्या त्या दुष्ट परिच्छेदाच्या आगेमागे काय आहे ते कोणी वाचत नाही. पोर्तुगीजांचा ऱ्हास का झाला याचा तो विचार करतो आणि दोष देतो आल्बुकेर्कच्या धोरणाला. 1510 मध्ये गोवे जिंकल्यावर त्याने आपल्या शिपायांची लग्ने येथल्या स्त्रियांशी लावून दिली त्याला. राज्यकर्त्याने रयतेत मिसळू नये, अंतर राखावे, हे त्याचे प्रतिपादन. हे कोणाला उद्देशून आहे? पणजीकरांना नव्हे. कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या कंपनीच्या अंमलदारांना. गोव्याच्या आरशात तो आपल्याच जातभाईंना त्यांचा उद्याचा चेहरा दाखवून भिववतो आहे. म्हणजे तो उतारा गोमंतकाविषयी नाहीच, तो 1847 च्या इंग्रजी छावणीतील भोजनगृहाविषयी आहे. सहा वर्षांनी बंड उसळले तेव्हा हे राखलेले अंतर कोठवर कामी आले ते आपण जाणतोच. ही कैफियत जाळून टाकावयाची की जपून ठेवावयाची?”

“सहा वर्षे पुस्तकापासून, प्रवासापासून दहा,” वकीलसाहेबांनी सवयीने दुरुस्ती केली. मग म्हणाले, “मुद्दा चांगला आहे. पण मग तो वर्गातला मुलगा त्या आरशाची किंमत का भरतो? पत्र लिहिले बर्टनने, पाठवले कंपनीच्या अंमलदारांना, आणि हशील मात्र वसूल केले आमच्याकडून. पूर्वी बिनतिकिटाचे टपाल असेच येत असे, घेणाऱ्याने पैसे मोजावेत.”

माझ्या मते त्या दिवशीच्या बोलण्यात याहून नेमके कोणी काही बोलले नाही. आणि तरीही मास्तरांची वही मला खोटी वाटली नाही. बर्टनने तुच्छतेत भेदभाव केला नाही, हे मी पुढे ते पुस्तक मिळवून वाचले तेव्हा पाहिले. उटकमंडच्या गोऱ्या समाजाचा, त्यांच्या भेटीगाठींचा आणि नृत्यसमारंभांचा तो तितकाच कंटाळा करतो. परंतु उटकमंडच्या मडमेची चेष्टा वाचून कोणत्याही वर्गात कोणी कोणाकडे वळून पाहिले नसेल.

मास्तरांनी आता आपला हुकमाचा पत्ता काढला. “तो दुसऱ्यांदाही आला होता. 1876 मध्ये, पत्नीला घेऊन. तेव्हा गोव्यात काय बदलले होते ते तुम्हीच सांगा.”

“तिकिटे निघाली होती,” वकीलसाहेब पटकन म्हणाले, आणि रागावलेल्या माणसाचा चेहरा कसा क्षणात मुलासारखा होतो ते मी पाहिले. ती तिकिटे 1 ऑक्टोबर 1871 रोजी निघाली, गोव्यातच तयार झाली, आणि दिसावयास इतकी ओबडधोबड की नवख्याने खोटी म्हणून टाकून द्यावीत. मधल्या लंबगोलात मोठा अंक, वर पोर्तुगीजमध्ये टपालसेवा, खाली इंडिया पोर्ट असे तोडलेले नाव, कागद पापडासारखा आणि दाते उंदराने कुरतडल्यासारखे. लंबगोलाच्या पाठीमागे बारीक उभ्या रेषा असतात. त्या भिंगाने मोजल्या म्हणजे कोणत्या छापणीचे तिकीट ते कळते. वकीलसाहेब त्या रेषा मोजताना टाचणीच्या टोकाने एकेक ओलांडीत आणि मध्येच कोणी बोलले तर पुन्हा पहिलीपासून आरंभ करीत.

मास्तरांनी पिशवीतून पुठ्ठ्यांच्या दोन तुकड्यांमध्ये बांधलेला एक लखोटा काढून मेजावर ठेवला. उजव्या कोपऱ्यात गोव्याचे वीस रेइसांचे तांबडे तिकीट, आणि त्याला खेटूनच राणी व्हिक्टोरियाचे अर्ध्या आण्याचे निळे. गोव्याबाहेर जाणाऱ्या टपालास 1877 पर्यंत अशी दोन्ही राज्यांची तिकिटे लागत. सरहद्दीपलीकडे पोर्तुगालच्या राजाचे तिकीट चालत नसे. शिक्का नव्या गोव्याचा होता, परंतु सालाचा शेवटचा आकडा नेमका तिकिटाच्या कडेवर पडून फुटला होता.

“1876,” मास्तर म्हणाले. “बर्टन गोव्यात होता त्याच सालचे. त्याच्याच थैलीतून आलेले असेल.”

वकीलसाहेबांनी भिंग लावले. “पाच आहे.”

“सहा आहे. पोट दिसत नाही का?”

“पोट तुम्हाला हवे आहे म्हणून दिसते.” आणि मग, ज्यांनी आयुष्यात शिक्क्याचे तिकीट हाती धरले नव्हते ते वकीलसाहेब तो लखोटा पालथा-उलथा करून बराच वेळ पाहत राहिले. पत्ता मोडीत होता, घाईने लिहिलेला, एका सरळ शिरोरेघेखाली सगळी अक्षरे लोंबकळत ठेवलेली. ‘मुंबई’ दोघांनाही लागले. ‘रा. रा.’ लागले. पुढे शेणवी आडनावाचा कोणी गृहस्थ लागला. त्याच्या पुढचे दोन शब्द मात्र लागेनात.

“हे गावाचे नाव आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “शिवोलीकडचे काहीतरी. आमच्याकडे नावापुढे गाव लिहितात. पहिले अक्षर श धरा.”

“पहिले अक्षर ह आहे. हा धंदा आहे. हुंडीवाला किंवा तसाच कोणी पेढीदार. मोडी मी वीस वर्षे वाचतो आहे.”

“बखरींतली वाचता. ही गोमंतकी वळणाची आहे.”

पाऊण तास गेला. बर्टनचे नाव पुन्हा निघाले नाही. शेवटी वकीलसाहेबांनी मला खालच्या मजल्यावर पाठवले. तेथे एक वृद्ध कारकून राहत, ज्यांचे सारे आयुष्य एका पेढीवर मोडीत कीर्द-खतावणी लिहिण्यात गेले होते. ते वर आले ते सोवळे नेसून, ओल्या हातांनी. लखोट्याला त्यांनी स्पर्श केला नाही, मेजावरच तो दूरून पाहिला आणि चष्मा न लावता वाचला.

“हशील दिल्हे,” ते म्हणाले. “पैसे भरले आहेत, पोचवताना मागू नयेत. पत्त्याखाली लिहीत असत पूर्वी. गाव नाही, धंदा नाही.” आणि दोघांच्याही तोंडाकडे आळीपाळीने पाहून त्यांनी विचारले, “आणखी काही आहे का? माझी पूजा राहिली आहे.”